ऋद्धिपूरवर्णन : यादीतले सातवे नाव

गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्याने १७८९ साली आपल्या सेलबोर्न गावाचा निसर्ग आणि पुरातन अवशेष यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. एका लहानशा गावाचा भूगोल-इतिहास हा वाङ्मयाचा विषय होऊ शकतो, हे सांगताना आपण मराठीचे अध्यापक हटकून त्याचे उदाहरण देतो, आणि आपल्याकडे असे काही नाही अशी खंतही जोडून देतो.

ही खंत कितपत खरी आहे? महानुभावांच्या ‘साती ग्रंथां’त नारायण बहाळिये यांचे ‘ऋद्धिपूरवर्णन’ आहे. व्हाइटच्या किमान तीन शतके आधीचे हे काव्य अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूर या एका गावाविषयी आहे. परीक्षेत सात नावे विचारली जातात. हे बहुधा सर्वांत शेवटी येते आणि तिथेच संपते.

‘स्थानपोथी’ तर याहून काटेकोर. देवळाचे तोंड कोणत्या दिशेला, दार कुठे, पुढचे स्थान कोणत्या बाजूस, हे ती शांतपणे नोंदवते. ज्या भूमीवर आपल्या स्वामींची पावले उमटली, ती विसरली जाऊ नये ही त्यामागची तळमळ. भक्तीने केलेला हा भूगोल आहे. आणि गोविंदप्रभूंच्या लीळा वाचताना त्या भूगोलात माणसे दिसू लागतात : बाजार, मठ, ब्राह्मणांची घरे, आणि पाण्यावाचून तळमळणारे मातंग, ज्यांना प्रभूंच्या कृपेने विहिरीचे पाणी मिळाले. गावात पाणी कोणाला आणि कोणाला नाही, हा इतिहास कोणत्याही ताम्रपटात सापडत नाही. पाचव्या शतकातील वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा ताम्रपट याच रिद्धपुरात सापडला. त्यात दान आहे, विहिरीवरची तहान नाही.

नागपूरच्या वि. भि. कोलते यांनी या वाङ्मयाच्या संपादनात हयात वेचली, म्हणून ते आपल्यापर्यंत आले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. मराठी भाषा विद्यापीठासाठीही रिद्धपूरचीच निवड झाली. मानसन्मान झाले, हे योग्यच.

परंतु माझ्या वर्गात मोर्शी-वरुडकडची मुले बसतात. आपल्या गावाची विहीर, तिचे नाव, तिच्यावर कोण पाणी भरत असे, हे लिहिणे म्हणजे वाङ्मय, असे त्यांना अजून कोणी सांगितलेले नाही. यंदा प्रकल्पाचा विषय मी तोच दिला आहे.