घोडीच्या रक्तातला आकडा

जूनचा पहिला आठवडा आला की रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला माणसांचा पूर लोटतो. राज्याभिषेकदिनासाठी ढोलताशे येतात, पालख्या येतात, मिरवणुकीची घोडी येतात. 1674च्या मे महिन्यात इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन शिवाजी महाराजांच्या भेटीसाठी याच पाचाडला मुक्काम ठोकून होता. पुढे गडावर राजवाड्याच्या दाराशी त्याला हत्तींसोबत सजवलेले दोन घोडे दिसले. इतक्या बिकट वाटेने ही जनावरं वर आणली कशी, याचं आश्चर्य त्याने लिहून ठेवलं आहे. घोड्याचं अप्रूप आजही तसंच आहे. गडावर निघालेला माणूस घोडीजवळ थांबतो, मानेवरून हात फिरवतो, पिशवीतला गुळाचा खडा काढून तिच्या तोंडासमोर धरतो.

त्या गुळाची गोष्ट मला सांगायची आहे. मी पशुवैद्य. महाड-पोलादपूरकडे काम बहुतेक गाई-म्हशींचं आणि शेळ्यांचं. घोडी क्वचितच तपासायला मिळते.

मला तपासायला मिळालेली ही घोडी लग्नाच्या वरातींत आणि मिरवणुकींत चालायची. अंगाने गोलमटोल, कातडी तुकतुकीत. "पाय मुरगळलाय बघा, डॉक्टर," मालक म्हणाले. त्यांना सगळा गाव मामा म्हणतो. पण घोडी एका पायाने लंगडत नव्हती. पुढचे दोन्ही पाय समोर ताणून तिने सगळा भार मागच्या पायांवर घेतला होता. खूर हाताला गरम लागत होते, खुराच्या वरची नाडी बोटाखाली ठणठण उडत होती. मानेच्या वरच्या कडेला चरबीची घट्ट वळी होती आणि खुरांवर आडव्या रेघा उमटल्या होत्या. म्हणजे हा त्रास आजचा नव्हता. हा लॅमिनायटिस होता.

खुराच्या आतलं हाड नाजूक पडद्यांच्या शेकडो घड्यांनी खुराच्या भिंतीला धरलेलं असतं. त्या घड्या सैल पडल्या की हाड खाली वळतं, कधीकधी तळव्यापर्यंत उतरतं. वेदना इतकी असते की जनावर पाऊल उचलायलाही तयार होत नाही. धान्याच्या कोठारात तोंड घातलेल्या घोड्याला हे होतं, एवढं जुन्या घोडेवाल्यांनाही ठाऊक आहे. इन्सुलिनचा धागा मात्र अलीकडे सापडला. 2007मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी निरोगी तट्टांना शिरेतून सतत इन्सुलिन दिलं आणि रक्तातली साखर ग्लुकोज देऊन नेहमीच्या पातळीवर राखली. 72 तासांच्या आत त्यांना लॅमिनायटिस झाला. साखर ठीक असतानाही नुसत्या वाढलेल्या इन्सुलिनने खूर निकामी होऊ शकतात, हे तिथे दिसलं.

म्हणून साखर तपासून भागत नाही. आमच्या घोडीची साखर अगदी नॉर्मल आली. मामांचा जीव भांड्यात पडला. पण ती साखर आटोक्यात ठेवायला तिचं शरीर किती इन्सुलिन ओतत होतं, ते त्या आकड्यात दिसत नाही. इन्सुलिन वेगळं मोजावं लागतं, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

मानेच्या शिरेतून रक्त काढणं सोपं. ते गोठलं की सेंट्रिफ्यूजवर फिरवून वरचं पिवळसर सीरम वेगळं करायचं आणि थंड ठेवायचं. पाचाडहून कोंझर घाट उतरून महाडला जायचं, म्हणजे पंचवीसेक किलोमीटरची वळणं. पहिली नळी वाटेत हिंदकळली, उन्हात तापली. रक्तपेशी फुटून सीरम लालसर झालं. असल्या नमुन्याच्या आकड्यावर विसंबता येत नाही, तो टाकून दिला. दुसऱ्या वेळी बर्फाचा डबा सोबत नेला आणि महाडला पोचताक्षणी सीरम वेगळं करून घेतलं.

मग प्रश्न इन्सुलिन मोजायच्या किटचा. इन्सुलिनच्या साखळ्यांत 51 अमिनो आम्लं असतात. माणसाच्या आणि घोड्याच्या इन्सुलिनमध्ये त्यांतली फक्त दोन वेगळी. घोड्याच्या इन्सुलिनची रचना फ्रेडरिक सँगर यांच्या केंब्रिजमधल्या गटाने 1950च्या दशकातच उलगडली होती. फरक दोनाचाच, पण माणसासाठी बनवलेल्या काही किटमधली प्रतिपिंडं घोड्याचं इन्सुलिन नीट पकडतात, काहींची पकडत नाहीत. त्यामुळे नमुना पाठवण्याआधी प्रयोगशाळेला विचारायचंच, की तुमची पद्धत घोड्याच्या रक्तावर पारखून घेतली आहे का? माझ्या मते अहवालातल्या आकड्याइतकंच या उत्तराला मोल आहे. एकाच घोड्याचे दोन नमुने दोन पद्धतींनी मोजून त्यांची तुलना करण्यातही अर्थ नसतो.

घोडीचं इन्सुलिन शंभराच्या वर निघालं. साधा चारा खाल्लेल्या घोड्यात पन्नासच्या पुढचा आकडा बिघाड दाखवतो. अर्थात दुखण्याच्या ताणानेही इन्सुलिन चढतं, म्हणून दुखणं उतरल्यावर पुन्हा मोजायचं ठरलं. साखरेचा पाक पाजून तास-दीड तासाने रक्त घेण्याची चाचणी अधिक बोलकी असते, पण खूर पेटलेले असताना ती करू नये.

"गूळ बंद केला तर ती रुसल, डॉक्टर," मामा म्हणाले. गूळ बंद, भरडा बंद, पावसानंतरचा कोवळा हिरवा चाराही बंद केला. सुकं गवत पाण्यात भिजवून, ते पाणी ओतून द्यायचं, म्हणजे त्यातली बरीच साखर निघून जाते. उपाशी मात्र ठेवायचं नाही. जाड्या तट्टाला उपास घडला तर चरबी रक्तात उतरून जिवावर बेतू शकतं. मामांना हे पटायला वेळ लागला. घोडी सुदृढ दिसावी म्हणून ते स्वतः कमी खाऊन तिला खाऊ घालत होते. त्या मायेला बोल लावणं मला जमलं नाही.

दुखणं उतरल्यावर घेतलेल्या नमुन्यात आकडा खाली आला, पण अजून पन्नासच्या वरच होता. तेव्हा ती मिरवणुकीला गेली नाही. मामांनी तिच्या गोठ्याच्या दारावर पाटी लावली: "घोडीला गूळ देऊ नका, आजारी आहे." पाकाची चाचणी खूर पूर्ण थंड झाल्यावर करायची आहे, आणि तिच्यासाठीही नमुना त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने मोजायला जाईल.