आईबापांनाही उसंत हवी

सेरेब्रल पाल्सी असलेल्या वाढत्या वयाच्या मुलाला अंघोळ घालायची, तर आधी त्याला पलंगावरून उचलून खुर्चीत बसवावं लागतं. एका हातानं मान सावरायची, दुसऱ्या हातात तांब्या. मग भरवणं, कूस बदलणं, रात्रीची औषधं. घरात लग्नकार्य असो की अंगात ताप, आईला सुट्टी नाही.

मूल लहान असतं तेव्हा आजी, शेजारीपाजारी हातभार लावतात. पुढे त्याचं वजन वाढतं, आईबापांची कंबर धरते आणि एकच काळजी पोखरत राहते: आमच्यामागे याचं कसं होणार?

डोंबिवलीजवळ खोणी इथलं ‘घरकुल’ याच काळजीतून उभं राहिलं. बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या पालकांनी अमेय पालक संघटनेच्या माध्यमातून मोठ्या झालेल्या मुलांसाठी ते हक्काचं घर उभारलं.

कायद्याचाही आधार आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९च्या कायद्यानं राष्ट्रीय न्यास स्थापन झाला. त्याच्या ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो, थेरपीचा खर्चही त्यात येतो. मूल १८ वर्षांचं झालं की कायदेशीर पालकत्वासाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो.

पण कागदपत्रांनी पाठीला विसावा मिळत नाही. दोन दिवस मूल निर्धास्तपणे ठेवता येईल, अशी जागा तालुक्यातालुक्यात हवी. ती होईपर्यंत शेजाऱ्यांनी, नातेवाइकांनी आठवड्यातली एक दुपार त्या मुलापाशी बसावं. आईला निदान स्वतःच्या डॉक्टरकडे जाता येईल.