शीग

संगमेश्वराकडच्या आमच्या घरी तांदळाच्या कणगीत एक लोखंडी चिपटं कायम रुतवून ठेवलेलं असे. शेराचा चौथा हिस्सा ते चिपटं, अर्धा शेर ते मापटं, चार शेरांची पायली हे मला शाळेत जाण्याआधीच येत होतं. खळ्यावर भात मापताना गडी पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नसत. 'लाभ' म्हणत, मग दोन, तीन. माप भरून काठाच्या वर जो ढीग उभा राहतो ती शीग. आजी शेजारणीला उसने तांदूळ देताना चिपटं शीग लावून देई आणि परत घेताना काठावरून हात फिरवून सपाट करून घेई. 'शिगेला पोहोचणे' हे शब्द पुढे पुस्तकात भेटले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आजीचा तो हात आला.

शेर दोन होते. वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, तो वाण्याच्या तागडीत. मापी शेर घरात. नाव एकच, पण मापी शेरभर पोहे आणि मापी शेरभर तांदूळ तागडीत टाकले तर कधीच सारखे भरायचे नाहीत. १९५६च्या कायद्यानं पुढे किलो आला. आजीनं तो दुकानाच्या पायरीपर्यंतच मानला.

आईकडे चिपट्याची जागा वाटीनं घेतली. १९७० साली आलेलं कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' तिच्या फडताळात होतं, तेही वाटी-चमच्याची भाषा बोलणारं. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ, अशी तिची चकलीची भाजणी. वाटी लहान असो की मोठी, सगळ्याला तीच घेतली की भाजणी जमते. वाटीचं सगळं बळ या प्रमाणात आहे. म्हणूनच ती ग्रॅममध्ये बदलायला गेलं की घात होतो.

तो माझ्याच हातून झाला. लेक जर्मनीत, तिथल्या स्वयंपाकघरात काटा असतोच. दिवाळीत तिनं फोनवर विचारलं, "आई, वाटी म्हणजे किती ग्रॅम?" मी वाटीत पाणी ओतून मापलं होतं, दीडशे मिलिलिटर. म्हटलं, दीडशे. तिनं चार वाट्या बेसन म्हणून ६०० ग्रॅम घेतलं, दीड वाटी तूप म्हणून २२५. लाडू वळेनातच, मुठीतून नुसता भुगा पडत राहिला. परदेशात एकटीनं तासभर भाजलेलं बेसन होतं ते.

दुसऱ्या दिवशी मी काटा आणला आणि डबे उघडून बसले. त्याच वाटीत तांदूळ १२५ ग्रॅम, रवा १०५, तूप १३७. आणि बेसन? चाळून हलकं भरलं तर ६५, ठोकून दाबून भरलं तर ८०. म्हणजे चार वाट्यांचे २६० ते ३२०, आणि मी तिला जवळजवळ दुप्पट सांगितलं होतं. पाण्याचा मिलिलिटर एक ग्रॅमचा, पण बेसनाच्या कणांमध्ये हवा असते. ती किती, हे भरणाऱ्या हातावर ठरतं. नुसता आकडा देऊन भागत नाही, हात कसा होता तेही सांगावं लागतं. मग मी प्रत्येक जिन्नसापुढे लिहिलं: चाळलेलं, न दाबता, सपाट. शीग नाही. पुढच्या खेपेला तिचे लाडू वळले.

आजीचं चिपटं घर विकताना भंगारात गेलं. तुमच्या घरात असं एखादं माप, आईच्या हातातली एखादी वाटी अजून असेल, तर आजच तिच्यात तांदूळ, रवा, बेसन भरून वजन करा आणि वहीत लिहून ठेवा. आणि ती कशी भरायची, हे भरणारी आहे तोवर तिलाच विचारा.