लाळेविना घास

ज्वारीची भाकरी मी जन्मभर खाल्ली. ती दातांनी चावली जाते, पण घशाखाली उतरते लाळेमुळे, हे मला घशाच्या कॅन्सरचे शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू झाल्यावर कळलं. उपचार मुंबईला टाटा रुग्णालयात, मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. शनिवार-रविवार सोडून रोज शेक, असे सहा-सात आठवडे. लाळ आधी चिकट, तार धरणारी झाली, मग आटलीच.

डॉक्टरांनी नीट समजावलं. कानापुढे आणि जबड्याखाली लाळेच्या ग्रंथी असतात. निरोगी माणसाला दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. गाठीवर सोडलेले किरण या ग्रंथींनाही लागतात. आयएमआरटी या नेमक्या जागी किरण सोडणाऱ्या पद्धतीत कानाजवळच्या ग्रंथी बऱ्याच वाचवता येतात, पण गाठ लगत असली की झळ बसतेच. केमोने आलेला कोरडेपणा बहुधा उपचार संपल्यावर ओसरतो. शेकाचा महिनोन् महिने राहतो, काहींना कायमचा.

पारोळ्याला परतलो ते भर उन्हाळ्यात. आमच्या खानदेशात तेव्हा पारा चाळिशीपार, वारासुद्धा कोरडा. रात्री जीभ टाळूला चिकटून जाग यायची. उशाशी तांब्या असे. घटाघटा पाणी प्यायलं तर पोट भरतं, तोंड तसंच राहतं. म्हणून एकेक घोट घोळवून गिळायचा. पाण्याच्या कूलरने खोलीत जरा ओल राही, तेवढ्यावर झोप लागे. सकाळी शेजारची नानी दारातून विचारायची, "कसं शे आते?" तिला उत्तर द्यायलाही आधी घोट घ्यावा लागे.

बायको भाकरी ताकात कुस्करून द्यायची, नाहीतर पातळ वरणात भिजवून वर तूप सोडायची. मऊ खिचडी चालायची. शेवभाजी, ठेचा, हिरव्या मिरचीचं भरीत बंद. तिखटाने तोंड पेटायचं. लग्नाच्या पंगतीत लोक प्रेमाने "एक घास तरी घ्या" म्हणत, आणि तो घास तोंडातच फिरत राही. बाहेरून माणूस धडधाकट दिसतो, त्यामुळे त्यांना तरी कसं कळावं? तरीही सांगतो, अशा माणसाला आग्रह करू नका. त्याच्या ताटाशेजारी पाण्याचा पेला भरून ठेवा.

लिटरभर कोमट पाण्यात एकेक चहाचा चमचा मीठ आणि खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा गुळण्या करायच्या. बाजारातल्या झोंबणाऱ्या, अल्कोहोलच्या माउथवॉशने कोरडेपणा वाढतो. तंबाखू, मिश्री, गुटखा तर कायमचे सोडायचे. बिनसाखरेचं च्युइंगगम चघळलं की उरलीसुरली लाळ सुटते. जिभेवर पांढरा थर आला तर ती बुरशी असू शकते. तिच्यावर औषध आहे, डॉक्टरांना दाखवावं.

सगळ्यांत मोलाची गोष्ट दातांची. लाळ दात धुते, आम्ल मारते; ती गेली की दात भराभर किडतात. आणि शेक घेतलेल्या जबड्यातला दात काढला तर जखम न भरण्याचा, हाड कुजण्याचा धोका असतो. म्हणून माझे हलणारे दात शेकाआधीच काढून, जखम भरू दिली होती. आता रोज फ्लोराइडची पेस्ट वापरतो, आणि दंतवैद्याकडे गेलो की खुर्चीत बसण्याआधी शेक घेतल्याचं सांगतो.

तोंडाला किंवा घशाला शेक घ्यायचे असतील, तर आधी दात तपासून घ्या. आणि तोंड कोरडं पडलं तर ते किरकोळ समजून गप्प बसू नका. पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांगाच.