पिवळ्याचं गुलाबी झालं!

मामांची एंडोस्कोपी झाल्यावर तिथल्या तंत्रज्ञांनी माझ्यासमोर एक छोटी पट्टी धरली. तिच्या खळग्यात पिवळं जेल आणि त्यात मामांच्या जठराच्या अस्तराचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा. "बघत राहा, ताई," ते म्हणाले. तुकड्याभोवती रंग पालटू लागला, पसरत गेला आणि काही मिनिटांत सगळं पिवळं चक्क गुलाबी होऊन गेलं! "एच. पायलोरी, पॉझिटिव्ह," एवढं म्हणून ते पुढच्या पेशंटकडे वळले. मी मात्र त्या गुलाबी रंगात जी अडकले ती अडकलेच. तेव्हापासून भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे. आता तुम्हीही ऐका.

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आपल्या जठरात राहतो. जठरात! जिथे आम्लाचा पीएच एक ते दोनपर्यंत उतरतो आणि अन्नाबरोबर गिळलेले बहुतेक जिवाणू मरून जातात, तिथे हा जेमतेम तीन मायक्रोमीटर लांबीचा, पीळदार जीव वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो.

कसा? उत्तर त्या पट्टीतच होतं. जेलमध्ये युरिया असतो आणि आम्ल-अल्क ओळखणारा दर्शक. एच. पायलोरी युरिएज नावाचं विकर प्रचंड प्रमाणात तयार करतो. हे विकर युरिया फोडून अमोनिया मोकळा करतं, अमोनिया अल्कधर्मी असल्यामुळे दर्शकाचा रंग बदलतो. जठरातही तो हेच करतो. आपल्या शरीराने टाकाऊ ठरवलेला युरिया रक्तातून थोडाफार जठररसात उतरतो, तो हा आत घेतो, फोडतो आणि त्या अमोनियाने आपल्यापुरतं आम्ल निष्प्रभ करतो. ज्या रसायनामुळे तो जगतो, त्याच रसायनामुळे तो पकडला जातो!

आणि यात मेख आहे. आम्ल नसताना युरिया आत येतच राहिला तर अमोनियाने जिवाणू स्वतःच मरेल. म्हणून त्याच्या आतल्या पटलात यूरआय नावाची एक प्रथिनाची वाट आहे. बाहेर आम्ल वाढलं की ती उघडते आणि युरिया आत येतो. आम्ल उतरलं की ती मिटते. हे वाचलं त्या रात्री मी घरातल्यांना उठवून सांगितलं. खरंच सांगितलं!

तरीही इतकं करून तो आम्लात फार वेळ टिकत नाही. त्याला तिथे राहायचंच नसतं. जठर स्वतःच्या आम्लाने जळू नये म्हणून त्याच्या भिंतीवर श्लेष्म्याचा जाड थर असतो आणि भिंतीलगत तो थर जवळजवळ उदासीन असतो. तिथे पोचलं की निभावलं. पण आम्लात हा श्लेष्मा घट्ट जेल होऊन बसतो. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं की युरिया नसेल तर जिवाणूच्या शेपट्या गरगर फिरत राहतात, पण तो जागचा हलत नाही. युरिया मिळाला की अमोनिया तयार होतो, आम्ल उतरतं आणि थिजलेलं तूप उबेने पातळ व्हावं तसा आसपासचा श्लेष्मा सैल होतो. मग हा पोहत सुटतो. दिशाही त्याला कळते: आम्लापासून दूर, भिंतीकडे.

भिंतीला पोचला तरी संपत नाही. जठराच्या अस्तराच्या पेशी सतत झडतात, मग तिथे चिकटून बसलेला जिवाणू त्यांच्याबरोबर आम्लात जाणार नाही का? जातो की! पण बॅब-ए या ज्या प्रथिनाने तो पेशीला धरतो, त्याची पकड आम्ल वाढताच सुटते. सुटला की तो पुन्हा भिंतीकडे पोहतो आणि आम्ल उतरताच पकड पुन्हा बसते. एवढी सगळी करामत, आणि त्याचा जनुकसंच जेमतेम १६ लाख ६७ हजार अक्षरांचा!

या जीवाचा शोधही तितकाच थरारक आहे. १९७९मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रॉयल पर्थ हॉस्पिटलमध्ये रॉबिन वॉरन यांना जठराच्या तुकड्यांत हे वाकडे जिवाणू दिसले. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. जिवाणू काही केल्या प्रयोगशाळेत वाढेनात, कारण ताटल्या दोन दिवसांत टाकून दिल्या जायच्या. १९८२च्या ईस्टरच्या लांबलेल्या सुट्टीत त्या तशाच राहिल्या आणि त्यांवर वसाहती उगवल्या! अल्सर चिंतेने आणि तिखटाने होतो असं मानणाऱ्या जगाला पटेना, तेव्हा १९८४मध्ये मार्शल यांनी जिवाणूंचं द्रावण स्वतःच पिऊन टाकलं. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या आणि जठराला सूज आल्याचं तपासणीत दिसलं. २००५चं नोबेल दोघांना मिळालं.

आणि हे तर ऐकाच: आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या ओट्झी या ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या पोटातही हाच जिवाणू निघाला. २०१६मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्याची जवळची नाती आज मुख्यतः मध्य आणि दक्षिण आशियातल्या लोकांच्या पोटात सापडतात असं दिसलं. म्हणजे आपल्याकडे!

या जीवाचं मला विलक्षण कौतुक वाटतं आणि त्याची धास्तीही वाटते. अनेकांना तो आयुष्यभर काही त्रास देत नाही. पण काहींना अल्सर होतो, थोड्यांना जठराचा कर्करोग. १९९४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला पहिल्या गटातल्या कर्करोगकारकांत टाकलं. लागण बहुधा लहानपणी, घरातच होते.

म्हणून कळकळीने सांगते. पोटातली जळजळ महिनोन्‌महिने टिकत असेल तर नुसत्या पित्ताच्या गोळ्यांवर दिवस काढू नका, डॉक्टरांना एच. पायलोरीबद्दल विचारा. श्वासाची तपासणीही असते, त्यासाठी नळी घालावी लागत नाही. आणि अँटिबायोटिकचा कोर्स दिला, तर बरं वाटू लागलं तरी शेवटच्या गोळीपर्यंत पुरा करा. जो जीव आम्लाला पुरून उरतो, त्याला अर्धवट औषधाची सवय लावू नका.