फांदीखाली सापडलेली मशीन

नवतपा सरत आला की नागपूरचं आभाळ एखाद्या दुपारी बघता बघता काळं होतं. आधी धूळ उठते, मग वारा सुटतो, आणि अर्ध्या तासात वादळ गुलमोहर, कडुनिंब, सुबाभळी रस्त्यांवर आडव्या पाडून निघूनही जातं. त्या संध्याकाळी सिव्हिल लाइन्सपासून धरमपेठेपर्यंत चेनसॉ घरघरत असतात. एरवी हा आवाज मला सोसत नाही. झाडं पडलेल्या संध्याकाळी मात्र त्यानंच धीर येतो. कुठं तरी रस्ता मोकळा होतोय, वाट अडलेलं कुणी तरी घरी पोचणार आहे.

अशाच एका वादळानंतर आमच्या काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत धुऱ्यावरचा उन्मळलेला कडुनिंब आमच्या चेनसॉ मशीननं कापायला घेतला. ताणात अडकलेली फांदी सुटली, फिरली आणि मशीनवर येऊन आदळली. कापणारा वेळीच बाजूला झाला. मशीनचं मागचं हँडल तुटलं, टाकी चिरली, बार वाकला आणि पुढचा ब्रेक मुळापासून उखडला. काका म्हणाले, "देऊन टाक कबाडीले. नवी घेऊ."

मला देववेना. डिंक्या रोगानं वाळून गेलेली जुनी झाडं याच मशीननं काढली होती. आंबिया बहाराची तोडणी झाली की वाळकी सल काढायची, कापल्या जागी बोर्डो पेस्ट लावायची, या कामात बारीक फांद्यांना कात्री आणि करवत पुरते. पण मनगटापेक्षा जाड वाळकं खोड आलं की हाक हिलाच. कामाला आलेली वस्तू अशी तुटल्या पायी दाराबाहेर काढणं जिवावर येतं.

लकडगंजात आलापल्ली-बल्लारशाहच्या सागवानाचे ओंडके पिढ्यान्‌पिढ्या चिरले गेले. त्या भागातल्या एका मिस्त्रींकडे मशीन नेली. तुटलेल्या हँडलकडे त्यांनी पाहिलंही नाही. स्टार्टरची दोरी धरून मशीन अधांतरी लटकवली. ती आपल्या वजनानं अडखळत, थांबत थांबत खाली आली. म्हणजे कॉम्प्रेशन आहे. सर्रकन खाली आली असती तर पिस्टन-सिलेंडर गेल्यात जमा. मग सायलेन्सर खोलून त्या भोकातून टॉर्च मारला आणि मला म्हणाले, "हे पाहा भाऊ, पिस्टन कसा साफ आहे. उभे ओरखडे दिसले असते तर मीच कबाडीचा पत्ता दिला असता." पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल न घालता कुणी मशीन चालवली की ते ओरखडे पडतात. सिलेंडरच्या आतल्या कडक मुलाम्यावर ते उमटले की बोअर करून भागत नाही, अख्खा संच बदलावा लागतो.

खरी परीक्षा पुढे होती. फ्लायव्हील दोन बोटांत धरून त्यांनी वर-खाली हलवून पाहिलं, बेअरिंगमध्ये ढिलाई आहे का म्हणून. मग ब्रश पेट्रोलमध्ये बुडवून क्रँककेसवरची, बारच्या बोल्टांभोवतीची सगळी काळी घाण खरवडली. ही केस हलक्या मिश्रधातूची, ओतीव. तडा गेला तर गल्लीतल्या वेल्डिंगनं भागत नाही. केसाएवढ्या फटीतून हवा आत शिरली तरी पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो. म्हणून हँडल, टाकी, बार हे सगळं नंतरचं. केस शाबूत असेल तर मशीन आहे, नाही तर तिचे पार्ट आहेत. आमची शाबूत निघाली.

वाकलेल्या बारवरून उतरवलेली चेन टेबलावर पडली होती. एक दात डावीकडे, पुढचा उजवीकडे. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्यानं १९४६ साली लाकूड पोखरणारी अळी निरखली. ती डावी-उजवीकडे आलटून पालटून कुरतडत होती. त्यावरून त्यानं चेन बनवली, ती १९४७ मध्ये बाजारात आली. आजच्या बहुतेक चेनींचं मूळ तीच. संत्र्याच्या झाडाची साल खाणाऱ्या अळीशी झगडण्यात ज्यांची हयात गेली, त्या आमच्या काकांना मी हे सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ चेन हातात घेऊन बसले.

ब्रेकपाशी मात्र गाडं अडलं. या मॉडेलचा ब्रेक नागपुरात मिळत नव्हता. शेजारी उभा असलेला एक गिऱ्हाईक सहज म्हणाला, "बिना ब्रेकचीबी चालते ना, आमची चालूनच राहिली." मिस्त्रींनी नकारार्थी मान हलवली. मला त्यांचा फार आदर वाटला. चेन सेकंदाला साधारण २० मीटर वेगानं धावत असते. बारच्या टोकाची वरची बाजू कठीण लाकडाला लागली की मशीन उसळून कापणाऱ्याच्या तोंडाकडे, मानेकडे येते. डावा हात पुढच्या कवचावर आपटतो आणि पापणी लवायच्या आत चेन थांबते, ती याच ब्रेकमुळे. मजुराच्या हाती बिनब्रेकची चेनसॉ देणं मला पाप वाटतं. दुरुस्तीत काटकसर करायला दुसऱ्या जागा आहेत. हँडल जुनं चालेल, टाकी दुसऱ्या मशीनची चालेल.

सुट्या भागांसाठी अशी वणवण कुणालाच नवी नाही. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टलही सुरू केलं, आणि पहिल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारं घेतली. हे चांगलंच झालं. पण त्या हक्काचं मोल बागेतल्या माणसाला तेव्हाच कळेल, जेव्हा पाच-सहा वर्षं जुन्या मशीनचा ब्रेक मागितल्यावर दुकानदार खण उघडून तो समोर ठेवील.

काकांशी बोलून ठरवलं ते असं: बाहेरगावाहून ब्रेक आला तर मशीन दुरुस्त करायची, मग नवा बार आणि चेन धरून खर्च नव्या मशीनच्या निम्म्यावर गेला तरी चालेल. नाही आला तर ती मिस्त्रींकडेच पार्टसाठी ठेवायची. तिचा साफ पिस्टन-सिलेंडर त्यांच्याकडच्या दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनला लागेल. अर्धा कापलेला कडुनिंब सध्या धुऱ्यावरच आहे. काकांनी गावातून दोन माणसांची मोठी करवत मागून आणली आहे, आणि पेरणीच्या आत बैलांची वाट मोकळी करायचं त्यांनी मनावर घेतलं आहे.