फुटाला एक सूत

गुडघ्यांनी उकिडवं बसायला नकार दिला तेव्हापासून बाथरूमची कामं भाचा करतो. मी दाराशी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून सूचना देतो. त्यातल्या निम्म्या तो ऐकतो. नव्या घरांपेक्षा हल्ली जुनी बाथरूमंच जास्त येतात. यवतमाळच्या आर्णी रोड, दारव्हा रोडच्या कॉलन्यांतली. फिकट गुलाबी नाहीतर चॉकलेटी टाइल, कडेनं पांढरा थर, जाळीपाशी काळा. "मिस्त्री, तोडफोड नको, खर्च नको, फक्त चांगलं दिसू द्या."

माझं म्हणणं, त्या गुलाबी टाइलचा काही गुन्हा नसतो. डोळ्याला खुपतो तो क्षार. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. जिथं साचून वाळतं तिथं थर सोडतं. मग बाई ॲसिडची बाटली आणते. थर निघतो, पण सांध्यातलं सिमेंटही त्याच्याबरोबर जातं. सांधा उघडा पडला की पाणी खाली उतरतं आणि टाइल पोकळ वाजू लागते. जुनं मोझॅक असेल तर ॲसिड त्यातली संगमरवराची चिपच खातं. मोझॅकवाल्याला मी सांगतो, पॉलिशवाल्याचं मशीन फिरवून घे, माझी गरज नाही. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली, यवतमाळ टँकरवर आलं, तेव्हा घरोघरी बाथरूममध्ये ड्रम शिरले. त्यांच्या बुडाची गोल वर्तुळं अजून कितीतरी फरशांवर दिसतात.

पाणी का साचतं? ढाळ नसतो म्हणून. सगळं तिथंच येऊन अडतं.

फुटाला एक सूत ढाळ, हे कोणीही सांगेल. चार बाय सहाच्या बाथरूमला लांबच्या कोपऱ्यापासून जाळीपर्यंत सात सूत, म्हणजे जवळजवळ इंच. नव्या कामात तो माल टाकतानाच निघतो. जुन्या फरशीवर नवी टाइल चिकटवायची म्हटली की गळ्याशी येतं. टाइल आणि केमिकल मिळून चार सूत उंची चढते. उंबऱ्याला तेवढी जागा असतेच असं नाही, आणि दार खालून घासायला लागतं. पीव्हीसीचं दार कापता येतं, पाण्यानं फुगलेल्या लाकडी दाराला नवंच लागतं. म्हणजे दाराकडची बाजू आणखी उचलता येत नाही. जाळी जिथं आहे तिथंच राहते, तिला खाली ढकलता येत नाही. वर जागा नाही, खालीही नाही, आणि ढाळ तर हवाच.

मार्ग एकच: जाळीभोवतीच्या जुन्या टाइल तेवढ्या फोडायच्या, म्हणजे तिथं नवी टाइल जुन्याच पातळीला बसते आणि चार सूत फुकटात मिळतात. पण किती ओळी फोडायच्या? एक फोडली तर ढाळ होत नाही, खड्डा होतो. तीन फोडल्या तर गिऱ्हाईक म्हणतं, मग सगळंच का नाही फोडलं? वरच्या मजल्यावर छिन्नी लावली तर खालच्या घरात गळती जाईल ही धास्ती वेगळीच. या एका प्रश्नावर मी रात्री जागलोय. बायको म्हणते, दुसऱ्याच्या मोरीसाठी इतकी झोप कोणी घालवत नाही.

त्यात काळी माती. अंगणात मागाहून बांधलेल्या बाथरूमचा पाया उथळ असतो. पावसाळ्यात जमीन फुगते, मे महिन्यात भेगाळते, आणि ओतलेला ढाळ काही वर्षांत भलत्याच दिशेला वळतो.

भाच्यानं लेझर आणलंय. भिंतीवर हिरवी रेघ मारतो, तिच्यापासून खाली मापं घेतो. "मामा, डोळे कायले फोडता? हे सांगते ना." सांगतं, खरं आहे. पण लेझरला भिंतीची पातळी कळते, टाइलचं पोट कळत नाही. स्वस्तातला माल मोरबीचा कमर्शियल ग्रेडचा. त्यात एखादी टाइल मधोमध फुगलेली असतेच. दोन टाइल तोंडाला तोंड लावून हलवून बघा, डुलली तर बाजूला ठेवा. दुकानदाराकडे उरलेल्या चार-सहा पेट्या कमी भावात मिळतात, त्याही घ्याव्यात. मात्र आधी सगळ्या उघडून छटा जुळतात का ते बघावं. आणि एक बाय एकचीच घ्यावी, खरबरीत. दोन बाय दोनची गुळगुळीत टाइल बाथरूममध्ये लावायचा हट्ट धरणाऱ्यांशी मी वाद घालतो. मोठी टाइल दोन दिशांना वळत नाही, कर्णात कापावी लागते, आणि ओल्या पायाखाली ती कशी असते ते म्हाताऱ्यांना विचारा.

स्टिकर आणि एपॉक्सी रंग यांच्याबद्दल मी बोलू नये, कारण मला राग येतो. कोरड्या भिंतीवर चालतील. रोज बादलीभर पाणी पडणाऱ्या फरशीवर, खाली क्षार आणि साबण तसाच ठेवून मारलेला रंग पापुद्रे सोडतो. पैसे खरंच थोडे असतील तर जुने सांधे खरवडा, एपॉक्सी ग्राउट भरा, जाळी नवी बसवा. अर्धं बाथरूम तेवढ्यानंच उजळतं.

टाइल बसवणारी राजस्थानची पोरं माझ्यापेक्षा सुरेख कटिंग करतात, हे मी त्यांच्या तोंडावर कबूल करणार नाही. त्यांचा हात चालतो तो चौरस फुटावर. दोनशे फुटांच्या हॉलमध्ये ते कमावतात, चोवीस फुटांच्या बाथरूममध्ये घाईनं उरकतात. त्यांचा दोष नाही, रेटच तसा.

माझी मिजास मात्र वेगळी. काम संपलं की लोक बादली ओततात. मी अर्धा तांब्याच ओततो, लांबच्या कोपऱ्यात, आणि घरातल्या सगळ्यांना दाराशी बोलावतो. एवढंसं पाणी वाट शोधत जाळीपाशी गेलं की मी मुद्दाम दुसरीकडे बघतो, जणू यात काही विशेष नाही. परवा ते कौतुक भाच्याच्या वाट्याला गेलं. त्या घरच्या काकूंनी मला चहा दिला, नाव त्याचं घेतलं. चहा गोड होता, पण मला जड गेला.

तुमच्याकडे मिस्त्री आला तर रंग दाखवायच्या आधी पाणी कुठं साचतं ते दाखवा. आणि बाथरूमचं काम चौरस फुटावर ठरवू नका, रोजीवर ठरवा.